मंदींत रिकामे झालेले हात कोठें जातात?

(एका सेवानिवृत्त महसुली कारकुनाकडून)

आपल्या मासिकांत बीं-बियाणें, खतें, जनावरांचे रोग इत्यादि विषयांवर माहीतगार लोकांचे लेख नेहमी येतात. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहणारास शेताच्या बांधाबाहेरचा वाटेल. कारखाने बंद पडले, व्यापार बसला, शहरांतील माणसें कामावरून कमी झालीं, तर त्याचें शेतकऱ्यास काय, असें पुष्कळांस वाटतें. "आम्हांला कोण कामावरून काढणार?" असे उद्गार मीं चावडीवर अनेक वेळां ऐकले आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ महसूल खात्यांत कारकुनी केल्यावर, आणि स्वतःच्या घरांत एक मंदी सोसल्यावर, माझी अशी खात्री झाली आहे कीं, मंदीचा पहिला घाव कारखान्यावर पडत असला तरी तिचें शेवटचें ओझें शेतावर येऊन टेकतें. आणि तें मुकाट्यानें येत असल्यामुळें कोणत्याही हिशेबांत नीट दिसत नाहीं. हें कसें घडतें तें मुख्यतः सन २०२० सालच्या अनुभवावरून सांगण्याचा विचार आहे.

एक कोडें

प्रथम एक कोडें वाचकांपुढें ठेवतों. सन २०२० सालीं करोनाच्या सांथीमुळें ता. २५ मार्चपासून सर्व देशांतील व्यवहार बंद करण्यांत आले. त्या दिवशीं गुढीपाडवा होता, म्हणून ती तारीख बहुतेकांच्या लक्षांत असेल. पुढील एप्रिल, मे व जून या तीन महिन्यांत देशाचें एकंदर उत्पन्न आदल्या वर्षाच्या त्याच तीन महिन्यांच्या मानानें सुमारें २४ टक्क्यांनीं घटलें. तिमाही आंकडे प्रसिद्ध होऊं लागल्यापासून एवढी घट कधींच झाली नव्हती. शहरांत काम करणाऱ्या व काम मागणाऱ्या दर १०० माणसांमागें सुमारें २१ माणसें त्या तिमाहींत बेकार होतीं, असें सरकारच्या श्रमशक्ति-पाहणींत आढळलें.

आतां त्याच पाहणीचे सबंध देशाचे वार्षिक आंकडे पाहावे. त्या वेळीं ही पाहणी जुलै ते जून या वर्षाची असे. २०१८-१९ मध्यें बेकारीचें प्रमाण शेंकडा ५.८ होतें, २०१९-२० मध्यें तें ४.८ झालें, आणि २०२०-२१ मध्यें ४.२ वर आलें. म्हणजे देशाचें उत्पन्न घटलें, कारखान्यांस कुलुपें लागलीं, लक्षावधि माणसें पायीं चालत घरीं गेलीं, आणि पुस्तकांत बेकारी कमी झाली!

आंकडे खोटे नाहींत. कोड्याचें उत्तर त्याच पाहणीच्या दुसऱ्या एका रकान्यांत आहे. २०१८-१९ सालीं देशांतील काम करणाऱ्या दर १०० माणसांपैकीं ४२.५ माणसें शेतीवर होतीं. २०१९-२० सालीं तीं ४५.६ झालीं, आणि २०२०-२१ सालीं ४६.५ झालीं. पुष्कळ वर्षें शेतींतून बाहेर वाहणारा ओघ उलटा फिरला. घरच्या शेतावर वेतनाशिवाय राबणारा माणूसही या पाहणींत कामावर असलेला धरला जातो. त्यामुळें शहरांत बेकार झालेला माणूस गांवीं येऊन खुरपें हातीं घेतांच बेकारांच्या यादींतून नाहींसा झाला. त्याची कमाई परत आली नाहीं. त्याचें नांव मात्र एका रकान्यांतून दुसऱ्या रकान्यांत गेलें. स्त्रियांचेंही तसेंच. १५ वर्षांवरील दर १०० स्त्रियांपैकीं २४.५ स्त्रिया २०१८-१९ सालीं श्रमशक्तींत मोजल्या गेल्या होत्या. २०२०-२१ सालीं त्या ३२.५ झाल्या. ही वाढ वाचून आनंद मानण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें कीं, यांतील पुष्कळ स्त्रिया घरच्याच शेतावर किंवा घरच्याच धंद्यांत बिनपगारी राबत होत्या.

सर्व धंदे सारखे बसत नाहींत

मंदी आली म्हणजे सर्व धंदे एकदम बसतात, अशी समजूत आहे. ती बरोबर नाहीं. २०२० सालच्या त्याच तिमाहीचे सरकारनें प्रथम प्रसिद्ध केलेले आंकडे पाहिले म्हणजे हें स्पष्ट होतें. बांधकामाचा धंदा ५०.३ टक्क्यांनीं घटला. व्यापार, हॉटेलें, वाहतूक व दळणवळण मिळून ४७ टक्क्यांनीं घटलीं. कारखानदारी ३९.३ टक्क्यांनीं व खाणी २३.३ टक्क्यांनीं उतरल्या. वीज, पाणी इत्यादि सेवा ७ टक्क्यांनीं आणि बँका, विमा, घरजागेचे व्यवहार वगैरे ५.३ टक्क्यांनीं खालीं आले. एकटी शेती, तिच्या जोडधंद्यांसह, ३.४ टक्क्यांनीं वाढली.

असा फरक कां पडावा? त्याचीं कारणें साधीं आहेत व शेतकऱ्यास तीं चटकन् समजतील. पहिलें कारण असें कीं, कांहीं वस्तूंची खरेदी पुढें ढकलतां येते. जुनी मोटार आणखी दोन वर्षें चालते, नवें घर पुढच्या सालीं बांधतां येतें, दागिना न केला तरी लग्न होतें. अशा वस्तु करणाऱ्या धंद्यांस मंदीचा धक्का सर्वांत आधीं व सर्वांत जोराचा बसतो. एप्रिल २०२० या महिन्यांत देशांतील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीची देशांतर्गत विक्री शून्य होती. याच्या उलट भाकरी, औषध व वीज या गोष्टी पुढें ढकलतां येत नाहींत. म्हणून त्या धंद्यांतील माणसांवर घाव हलका पडतो. दुसरें कारण सांठवणीचें. कारखान्यांत न झालेलें काम पुढें जादा पाळ्या लावून भरून काढतां येतें. पण हॉटेलांतील रिकामी राहिलेली खोली, न धांवलेली गाडी किंवा टळलेलें जेवण मागाहून विकतां येत नाहीं. म्हणून मोटारींचे कारखाने त्याच वर्षाच्या दसरा-दिवाळीपर्यंत सांवरूं लागले, पण हॉटेलें व प्रवासाचे धंदे पुढें पुष्कळ दिवस उठले नाहींत.

तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें असून तें धंद्याच्या नांवावरून कळत नाहीं. एकाच कारखान्यांत दोन प्रकारचीं माणसें असतात. एक, ज्यांचें नांव कारखान्याच्या स्वतःच्या हजेरीपटावर आहे तीं. आणि दुसरीं, जीं ठेकेदाराच्या वहींत आहेत तीं. दोघांच्या हातांखालीं यंत्र तेंच, पाळी तीच. मंदी आली म्हणजे पहिल्यास कमी पगार मिळतो, कांहीं काळ बसून राहावें लागतें. दुसऱ्यास "उद्यांपासून येऊं नका" एवढाच निरोप मिळतो. त्याला काढलें असें कारखान्याच्या कागदांवर कोठेंही नमूद होत नाहीं, कारण तो कारखान्याचा कधीं नव्हताच.

कचेरींतून दिसलेली मंदी

त्या वेळीं मी माणदेशांतील एका तहसील कचेरींत नोकरीस होतों. माझी जमीन व घर त्याच भागांत आहे. आमचा मुलूख पर्जन्यछायेचा. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या तालुक्यांतील माणसें पिढ्यान् पिढ्या पोटासाठीं बाहेर जात आलीं. सोन्याचांदीची गलाई करणारे आमच्याकडचे लोक हिंदुस्थानांतील बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. बाकीचे मुंबई-पुण्यास. पाडव्यानंतरच्या आठवड्यांत हीं माणसें परत येऊं लागलीं. प्रत्येक गांवच्या शाळेंत त्यांस चौदा दिवस वेगळें ठेवावें लागे, व तलाठी आणि ग्रामसेवक यांजकडून त्यांच्या याद्या आमच्याकडे येत. याद्यांत नांव, वय, कोठून आला व धंदा असे रकाने होते. धंद्याचा रकाना वाचतां वाचतां कोणता धंदा केव्हां बसला हें मला क्रमानें कळत गेलें. आरंभीं हॉटेलांतील व खानावळींतील पोरें आलीं. मागून गवंडी, सुतार व फरशीवाले आले. त्यांच्यामागून टॅक्सी-रिक्षावाले, दुकानांतील नोकर व कारखान्यांतील कंत्राटी कामगार आले. गलाईवाले लांबच्या प्रांतांतून, परवाने काढून, सर्वांच्या शेवटीं पोहोंचले. बँकेंतला, सरकारी कचेरींतला किंवा कारखान्याच्या पक्क्या हजेरीपटावरचा माणूस त्या याद्यांत क्वचितच सांपडे. एक-दोन तरुण संगणकाच्या कंपन्यांतले होते. पण ते गांवीं येऊनही पगारावरच होते, आणि देवळाजवळच्या लिंबाखालीं, जेथें मोबाईलला नीट रेंज मिळे तेथें, बसून आपलें काम करीत.

जाणारांच्याही याद्या होत्या. परप्रांतीय मजुरांसाठीं ता. १ मे २०२० पासून खास रेल्वेगाड्या सुरू झाल्या; त्यांसाठीं नांवें नोंदविण्याचें काम आमच्याकडे होतें. रात्रीं उशिरांपर्यंत नांवें लिहीत असतां, ज्यांना धीर धरवला नाहीं ते पायींच निघाल्याचें ऐकूं येई. ता. ८ मे रोजीं पहांटे जालना व औरंगाबाद यांच्या दरम्यान करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर झोंपलेले १६ मजूर मालगाडीखालीं सांपडून मरण पावले. ते जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांतून मध्य प्रदेशांतील आपल्या गांवीं निघाले होते. ही बातमी आली त्या दिवशीं कचेरींत कोणी फारसें बोललें नाहीं.

माझ्या स्वतःवर मंदीचा परिणाम काय झाला तेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. आम्हां तृतीय श्रेणीच्या नोकरांस मार्च महिन्याचा पगार ७५ टक्के मिळाला व बाकीचा मागाहून द्यावयाचें ठरलें. एवढेंच. नोकरी गेली नाहीं. परंतु ता. ४ मे २०२० च्या हुकुमानें, आरोग्याच्या खात्यासारखे अपवाद सोडून, नवी नोकरभरती थांबविण्यांत आली. म्हणजे सरकारी नोकरींत मंदीचा भार आंत बसलेल्यावर न पडतां दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलांवर पडला. हीही एक बेकारीच. पण ती कोणास कामावरून काढल्याशिवाय होते.

आमच्या घरची हकीकत

आमची वडिलोपार्जित सात एकर जिराईत जमीन तिघां भावांत सामाईक आहे. थोरले बंधु, त्यांचा मोठा मुलगा व सून अशीं तीन माणसें ती कसतात. थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा चाकणला मोटारीचे भाग करणाऱ्या एका कारखान्यांत होता, आणि मधल्या भावाचा मुलगा मुंबईस एका हॉटेलांत होता. दोघेही पाडव्याच्या आगेमागे घरीं आले. धाकट्याबरोबर त्याची बायको व दोन मुलें होतीं.

या धाकट्या पुतण्याला सन २०१७ सालीं शेत सोडून चाकणला जाण्याचा सल्ला मींच दिला होता. पुढें त्यानें तिकडे कर्ज काढून एक लहानसें घर घेतलें, त्या वेळींही मीं उत्तेजनच दिलें. त्याचें काम ठेकेदारामार्फत आहे हें मला ठाऊक होतें. पण महिन्याच्या महिन्याला पैसे येतात, मग ते कोणाच्या वहींतून येतात याची चौकशी करण्याची मला गरज वाटली नाहीं. ज्यानें जन्मभर सात-बारावर हक्काचा रकाना तपासला, त्यानें आपल्या घरच्या मुलाच्या नोकरीचा हक्क तपासूं नये, ही चूक माझी होय.

एप्रिलचा पगार आला नाहीं. ठेकेदारानें फोन उचलणें बंद केलें. घराचा हप्ता महिना ११ हजार रुपये. रिझर्व्ह बँकेनें मार्चपासून ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढें ढकलण्याची सवलत दिली होती. ती त्यानें घेतली. परंतु हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाहीं, हें त्याच्या ध्यानांत मागाहून आलें. जुलै महिन्यांत एके रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें वाटणीचा विषय काढला. आपल्या वाट्याची जमीन वेगळी करून द्यावी, म्हणजे ती विकून कर्ज फेडतां येईल, असें त्याचें म्हणणें. मीं त्यास समजावूं लागतांच तो म्हणाला, "तात्या, कारखान्याची नोकरी म्हणजे पावसावर अवलंबून नसलेलें शेत, असें तुम्हींच म्हणाला होतां. त्यालाही दुष्काळ पडतो हें तुम्हांला ठाऊक नव्हतें काय?"

मजजवळ उत्तर नव्हतें. थोरले बंधु म्हणाले, "त्याला कशाला बोलतोस? आपणां सर्वांनाच तसें वाटलें होतें." मग वहिनी आंत गेल्या आणि फडक्यांत बांधलेल्या आपल्या पाटल्या त्यांनीं बाहेर आणून ठेविल्या. वाटणी टळली. त्या ऑगस्ट महिन्यांत सोन्याचा भाव तोळ्यास ५५ हजारांच्या वर गेला होता, आणि सोन्याच्या किंमतीच्या ७५ ऐवजीं ९० टक्क्यांपर्यंत तारणकर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनें बँकांस ता. ३१ मार्च २०२१ पर्यंत दिली होती. म्हणून रक्कम पुरेशी मिळाली. ही सवलत रिझर्व्ह बँकेनें द्यावी यावरूनच किती घरांतील स्त्रियांनीं तेव्हां आपलें फडकें सोडलें असेल, याचा अंदाज वाचकांनीं करावा.

सात एकरांचा हिशेब

आतां शेताकडे वळूं. तीन माणसांच्या जागीं सहा झालीं. पाऊस त्या सालीं चांगला होता. देशांत सरासरीच्या १०९ टक्के पाऊस पडला, आणि आमच्याकडेही बाजरी व मटकी बरी आली. आमच्या सात एकरांत साधारण बऱ्या सालीं खर्चवेंच जाऊन १ लाख २० हजार रुपये उरतात. तीन राबणारांत तें माणशीं ४० हजार झालें. त्या वर्षीं १ लाख ३५ हजार उरले. सहा जणांत माणशीं २२ हजार ५०० आले. म्हणजे तीन नव्या माणसांनीं वर्षभर राबून एकंदर १५ हजारांची भर घातली. माणशीं ५ हजार. चाकणला त्यांतल्या एकाची महिन्याची कमाई याच्या कितीतरी पट होती.

बरें, ही १५ हजारांची भर तरी कोठून आली? पीक वाढलें म्हणून नव्हे. एरव्हीं खुरपणीस व काढणीस गांवांतल्या दोन भूमिहीन बाया आमच्याकडे येत. त्या वर्षीं घरचींच माणसें असल्यामुळें त्यांस बोलाविलें नाहीं. आमच्या वहींत जी बचत झाली ती त्या दोन घरांची मजुरी होती. हा हिशेब मीं मांडला तेव्हां मला वाईट वाटलें. शहरांतील ठेकेदारानें आमच्या मुलाला "येऊं नको" म्हटलें. आम्हीं त्या बायांना तेंही म्हटलें नाहीं, नुसतें बोलाविलें नाहीं. मंदी अशी पायरी पायरीनें खालीं उतरते, आणि ज्याच्याखालीं पायरी नाहीं त्याच्याजवळ जाऊन थांबते.

त्या दोघींस रोजगार हमीच्या कामानें हात दिला. ही योजना मूळची आपल्या महाराष्ट्राची. १९७२ च्या दुष्काळांत ती वाढली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला, आणि २००५ सालीं त्याच धर्तीवर सर्व देशासाठीं कायदा झाला. २०२० सालीं आपल्याकडे या कामावर रोज २३८ रुपये मजुरी होती. केंद्र सरकारनें मे २०२० मध्यें अर्थसंकल्पांतील ६१,५०० कोटींवर आणखी ४०,००० कोटी रुपये देण्याचें जाहीर केलें. २०१९-२० सालीं देशांत सुमारें २६५ कोटी मनुष्यदिवस काम झालें होतें. २०२०-२१ सालीं तें सुमारें ३८९ कोटी झालें. बडे बागाइतदार या योजनेमुळें मजूर मिळत नाहीं म्हणून कुरकुर करीत. त्या वर्षीं तिनें किती चुली पेटत्या ठेविल्या तें आठवून पाहावें.

भावाच्या वाटेनें येणारी मंदी

शेती ३.४ टक्क्यांनीं वाढली, असें वर सांगितलें. ही वाढ मुख्यतः मालाची होय, पैशाची नव्हे. शहरांतील माणसाची कमाई थांबली कीं, प्रथम तो चैनीच्या व नाशवंत मालाला हात आंखडता घेतो, आणि हॉटेलें, लग्नें, जत्रा बंद झाल्या कीं, त्यांस लागणाऱ्या मालाचें गिऱ्हाईकच उरत नाहीं. फुलें बांधावर टाकावीं लागलीं. कोंबडी खाल्ल्यानें रोग होतो या खोट्या आवईमुळें कुक्कुटपालन टाळेबंदीच्या आधींच बसलें होतें. नाशिक-सांगलीकडे खाण्याच्या द्राक्षांचे बेदाणे करावे लागले. मिठाई व हॉटेलें यांची मागणी तुटल्यानें दुधाचे दर इतके उतरले कीं, राज्य सरकारनें रोज १० लाख लिटर दूध लिटरला २५ रुपये दरानें घेऊन त्याची भुकटी करण्याचें ठरविलें. धान्य व कडधान्यवाल्यास मात्र एवढी झळ लागली नाहीं. धंद्याधंद्यांत जो भेद वर सांगितला तोच पिकांपिकांतही आहे: ज्या मालाचें गिऱ्हाईक पोटासाठीं घेतें तो टिकतो, ज्याचें गिऱ्हाईक हौसेसाठीं घेतें तो पडतो.

मागील दोन मंद्या

प्रत्येक मंदी त्याच दारानें येत नाहीं. सन १९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. युरोप-अमेरिकेंत कारखाने ओस पडले. आपल्याकडे मात्र ती भावाच्या वाटेनें थेट शेतकऱ्याच्या घरांत शिरली. १९१४ सालचे घाऊक भाव १०० धरल्यास कलकत्त्याचा निर्देशांक १९२९ सालीं १४१ होता, तो १९३३ सालीं ८७ वर आला. सारा व कर्ज तर रोख रकमेंत ठरलेलें. म्हणजे पूर्वीं सरकारचें व सावकाराचें देणें भागविण्यास जेथें दहा पोतीं विकावीं लागत, तेथें या मानानें सोळा पोतीं विकावीं लागलीं. आणि शेतमालाचे भाव तर सरासरीहूनही अधिक पडले होते. सप्टेंबर १९३१ मध्यें इंग्लंडनें सुवर्णचलन सोडल्यावर सोन्याचा भाव चढला, आणि शेतकरी घरांतील सोनें मोठ्या प्रमाणावर मोडलें जाऊन परदेशीं गेलें. आमच्या वहिनींच्या पाटल्या त्याच वाटेवरच्या म्हणावयाच्या; फरक इतकाच कीं, त्या गहाण राहिल्या, मोडल्या गेल्या नाहींत.

त्याच मंदींत सर्व उद्योग मात्र बुडाले नाहींत. मुंबईच्या कापडगिरण्यांत मजुरी कापली गेली व १९३४ सालीं मोठा संप झाला. परंतु १९३२ सालीं साखरेस संरक्षण मिळाल्यावर देशांतील साखर कारखाने १९३१-३२ मधील सुमारें तिसांवरून पांच-सहा वर्षांत १३० च्या वर गेले. आपल्याकडील रावळगांव, वालचंदनगर व माळीनगर येथील कारखाने याच दशकांतले. यावरून दिसतें कीं, मंदींतही धोरण योग्य असेल तर एखादा धंदा माणसें घेऊं शकतो. आणि तो धंदा शेतमालावरचा असेल तर त्याचा लाभ खेड्यांस होतो.

दुसरी मंदी सन २००८ ची. सप्टेंबरांत अमेरिकेंतील एक मोठी पेढी बुडाली, आणि त्याच दिवाळींत सुरतेचे हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर बेकार होऊन सौराष्ट्रांतील आपापल्या गांवीं परतले. अमेरिकेंत दागिने घेणारा थांबला म्हणून सुरतेंतील घंटी थांबली. केंद्र सरकारच्या श्रम खात्यानें आठ उद्योगांची पाहणी केली. तींत ऑक्टोबर ते डिसेंबर या तीनच महिन्यांत सुमारें ५ लाख कामें गेल्याचा अंदाज निघाला. हे कारागीर तरी कोठें गेले? गांवीं, शेतावर.

शेतकऱ्यानें काय करावें

मंदी थांबविणें आपल्या हातीं नाहीं; पण पाऊस पाडणें हातीं नसलें तरी बांध घालणें हातीं असतें. माझ्या अल्प अनुभवाप्रमाणें पुढील गोष्टी सुचवितों.

पहिली गोष्ट : घरांतून जो मुलगा बाहेर कामास जाईल त्याच्या नोकरीचा "सात-बारा" तपासावा. तो कोणाच्या हजेरीपटावर आहे, फंड कोणाच्या नांवें कापला जातो, त्या कारखान्याचा माल लोकांस पुढें ढकलतां येण्यासारखा आहे काय, हे तीन प्रश्न विचारावे. उत्तरें समाधानकारक नसतील तर नोकरी करूं नये असें नव्हे. तिच्या भरंवशावर लांब मुदतीचें कर्ज मात्र काढूं नये. निदान सहा महिन्यांचा खर्च व हप्ते शिलकेंत पडल्यावरच घर घ्यावें.

दुसरी : एका घरांतील दोन मिळवतीं माणसें शक्यतो एकाच प्रकारच्या धंद्यांत नसावीं. सर्व रानांत आपण एकच पीक पेरीत नाहीं, तोच न्याय येथें लावावा.

तिसरी : परत आलेल्या हातांस त्याच खुरपणींत घालूं नये. तीं माणसें थोड्या दिवसांचीं असोत वा कायमचीं, त्यांजकडून वर्षानुवर्षें उपयोगी पडेल असें काम करून घ्यावें. बांधबंदिस्ती, विहिरीचा गाळ काढणें, शेततळें, शेळ्यांचा गोठा, मालाची प्रतवारी करून थेट विक्री, हीं तीं कामें. २०२० सालीं महाराष्ट्रांतील अनेक शेतकरी गटांनीं भाजीचे खोके बांधून पुण्या-मुंबईच्या वसाहतींत थेट पोहोंचविले. त्यांतील कित्येकांस मुंबई-पुण्याच्या गल्ल्या पाठ असलेल्या परत आलेल्या मुलांचाच उपयोग झाला. आमच्या मधल्या भावाच्या मुलानें हॉटेलाकडे परत न जातां शेळ्या पाळल्या, आणि तो आज गांवींच आहे.

चौथी : मंदीच्या वर्षीं वाटणी करूं नये. माझ्या हातांखालून असे पुष्कळ अर्ज गेले आहेत. अडचणींत केलेली वाटणी म्हणजे पुढें विक्री, आणि अडचणींतली विक्री म्हणजे घेणाऱ्याच्या भावानें. नोकरी परत मिळते. गेलेला तुकडा परत मिळत नाहीं.

पांचवी : आपल्या शेतावर नेहमी येणाऱ्या मजुरांस अशा वर्षीं निदान कांहीं दिवसांचें काम द्यावें, व तें शक्य नसेल तर हमीच्या कामावर त्यांची नोंद होते कीं नाहीं याची चौकशी गांवच्या पुढाऱ्यांनीं करावी.

शेवटीं एक गोष्ट सरकारी आंकडे वाचणारांसाठीं. २०२०-२१ नंतर कारखाने सुरू झाले, हॉटेलें उघडलीं, परंतु २०२३-२४ च्या पाहणींतही दर १०० काम करणारांपैकीं ४६.१ माणसें शेतीवरच होतीं. २०१८-१९ चा ४२.५ चा आंकडा पुन्हां आला नव्हता. म्हणजे मंदी संपल्याचें जाहीर होऊन कित्येक वर्षें लोटलीं तरी तिचें ओझें शेतावरून उतरलें नव्हतें. कोणी बेकारी कमी झाली असें सांगूं लागला, तर ती कमी झाली कीं आमच्या शेतांत येऊन राहिली, हा प्रश्न शेतकऱ्यानें अवश्य विचारावा.

आमचा धाकटा पुतण्या जानेवारी २०२१ मध्यें चाकणला परत गेला. कारखाना तोच, यंत्र तेंच. ठेकेदार नवा आणि पगार पूर्वींपेक्षां कमी, कारण वहींत तो नवा माणूस होता. पाटल्या सोडवावयास दोन वर्षें लागलीं. आणल्या त्या दिवशीं वहिनींनीं त्या हातांत घातल्या नाहींत. फडक्यांत बांधून पुन्हां होत्या तेथेंच ठेविल्या. मीं कारण विचारलें तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "लागतील पुन्हां. असूं देत बांधलेल्या." त्या पुढील खरिपास खुरपणीकरितां त्या दोन बायांना बोलाविण्यास त्या स्वतः गेल्या होत्या. त्यांतील एक आली. दुसरी तोंवर उसाच्या टोळीबरोबर कारखान्याकडे निघून गेली होती.

इतर गांवांचा अनुभव काय आहे तें वाचकांनीं या मासिकाकडे लिहून कळविल्यास सर्वांस उपयोग होईल.